कॉल लावायच्या आधी: उपकेंद्रावर नव्याने रुजू होणाऱ्या सीएचओंसाठी टेलिकन्सल्टेशनची वाट

ई-संजीवनी या सरकारी टेलिकन्सल्टेशन सेवेवर लॉगिन कसं करायचं, रुग्णाची नोंद कुठे घ्यायची, कॉल कुठून लावायचा, हे सगळं रुजू झाल्यावर अर्ध्या दिवसात शिकवून होतं. आठवडाभरात हात बसतो. खरं काम कॉल लागण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत असतं, आणि ते मी एका लेकरामुळे शिकले.

मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, आहे. रुजू होऊन तिसरा आठवडा होता. पावसाळ्याची सकाळ. एक आजी सव्वा वर्षाच्या नातवाला पाठीशी बांधून आली. ‘खोकते, दूध पीत नाही,’ एवढंच म्हणाली. बाहेर रांग होती, नेटवर्क नुकतंच आलं होतं, ते जायच्या आत कॉल होऊन जावा म्हणून मी लगेच लावला. पडद्यावरच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मिनिटाला श्वास किती आहेत?’ मी मोजले नव्हते. ‘जरा जास्त वाटतात मॅडम,’ म्हणाले. त्यांनी छाती दाखवायला सांगितली. मी लेकराचा सदरा वर करेपर्यंत चित्र अडकलं आणि कॉल तुटला. मग मी घड्याळ घेऊन बसले. एका मिनिटात ५६. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. एवढं मी आधी पाहिलं असतं तर कॉल लावत बसलेच नसते, थेट १०८ बोलावली असती. गाडी आली, लेकरू वेळेत पोचलं, बरं होऊन घरी आलं. पण ती हुकलेली पंधरा मिनिटं माझ्या मनातून गेलेली नाहीत. तुमच्यासाठी हे लिहायला बसले ते त्यामुळेच.

कोण कुठे बसलेलं आहे

डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, सपाटीवर ५,०००. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली आणि तिथे आपलं पद आलं. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, गावात मात्र अजून ‘दवाखाना’च. आपल्यापैकी कुणी बीएएमएस, कुणी नर्सिंग केलेलं. एमबीबीएस डॉक्टर पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तज्ज्ञ बहुतेक वेळा सिव्हिललाच. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली ती हेच अंतर कापायला. आपण स्पोक, पलीकडे डॉक्टर बसतात ते हब. पुढे एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, लोकांना घरून थेट डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून तिची ओपीडीही सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातल्या सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला होता.

घरून मोबाईलवर बोलणारा रुग्ण आणि आपल्या खुर्चीत बसलेला रुग्ण यांत मोठा फरक आहे. घरच्या रुग्णाला डॉक्टर फक्त बघू आणि ऐकू शकतात. आपल्या रुग्णाच्या पोटाला हात लावून बघणारं, नाडी धरणारं, पापणी ओढून पाहणारं माणूस तिथेच उभं असतं. ते माणूस आपण. आपणच हात लावला नाही, तर त्या बाईने चार किलोमीटर चालत येऊन काय मिळवलं?

नियमांपैकी तीन गोष्टी पाठ असू द्या. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्णाने स्वतःहून फोन केला तर त्याची संमती गृहीत धरतात. आरोग्य कर्मचाऱ्याने कॉल लावला तर संमती स्पष्ट विचारावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. म्हणजे आपल्याला प्रत्येक वेळी विचारायचंच. दुसरं, मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं. तिसरं, नशा आणणारी आणि शेड्यूल एक्समधली, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रणात ठेवलेली, औषधं टेलिकन्सल्टेशनवर लिहिता येत नाहीत, तेव्हा कुणी झोपेच्या किंवा नसेच्या ‘त्याच’ गोळीसाठी हट्ट धरला तर डॉक्टरांना गळ घालू नका. आणि समोरून बघितल्याशिवाय सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे, रुग्णाला पुढे पाठवायची तयारी करा.

कुणासाठी कॉल लावायचाच नाही

छातीत कळ येऊन घाम फुटलेला माणूस. तोंड वाकडं झालेलं, हात उचलत नाही. झटके. बाळंतिणीचा रक्तस्राव. साप चावलेला. श्वास लागलेलं किंवा शुद्ध हरपत चाललेलं बाळ. गरोदर बाई, बीपी १६०/११० किंवा वर, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. इथे आधी १०८. गाडी येईपर्यंत किंवा गाडीत बसल्यावर, डॉक्टरांना फोनवर घेऊन पुढचं विचारा, ज्या रुग्णालयात जायचंय तिथे कळवा. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते वर सांगितलंय.

ही यादी कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. गर्दीत डोकं चालत नाही.

कॉल लावण्याआधी काय काय हातात हवं

वय, वजन, ताप, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन. बाई असेल तर शेवटची पाळी कधी आली. साखर आणि हिमोग्लोबिन तक्रारीनुसार. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर. हे सगळे लिहितात. आकडा खरा आहे का, हे फार कमी जण बघतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

बीपी घ्या. आमच्याकडच्या बायांचे दंड बारीक असतात. दंडाचा घेर २२ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मोठ्या माणसांचा नेहमीचा कफ, म्हणजे बीपी यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, तिथे ढिला बसतो आणि बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. गरोदर बाईचं १३२/८४ बघून आपण निश्चिंत होतो, आणि खरं बीपी १४०/९० च्या वर असतं. लहान कफ मागून घ्या. मिळेपर्यंत मोजलेल्या घेरासह आकडा सांगा, म्हणजे पलीकडचे डॉक्टर त्यावर कितपत भरवसा ठेवायचा ते ठरवतील. लांबून चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर. बीपी घेताना त्याच्याशी बोलू नका.

ऑक्सिमीटर थंड बोटावर चुकतो. हिवाळ्यात सकाळी चिखलदऱ्याच्या बाजूला बोटं बर्फासारखी असतात. हात चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर तो काढा किंवा दुसरं बोट घ्या. मग यंत्रावरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर तो ऑक्सिजनचा आकडा सांगूच नका.

लहान मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लेकरं सारखी लय बदलतात. ते शांत असताना, दूध पीत नसताना, पोट उघडं करून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० आणि वर, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि वर, एक ते पाच वर्षं ४० आणि वर म्हणजे श्वास जलद. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला मोजपट्टी लावा, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, मग तो साधा खोकला राहत नाही.

चट्टा दाखवायचा असेल तर कॉलच्या वेळी कॅमेरा हलवत बसू नका, आधी फोटो काढा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. एक फोटो लांबून, शरीरावर नेमकं कुठे आहे ते कळावं असा. दुसरा जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. चट्टा फिकट असेल तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श कळतो का ते तपासा. कुष्ठरोगाची शंका फोटोतून येते, बधिरपणा मात्र बोटालाच कळतो. चेहरा फोटोत घेऊ नका, आणि तो फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून कुणालाही पाठवू नका, ओळखीच्या डॉक्टरलासुद्धा नाही.

रुग्णाचा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द

हा भाग कुठल्याच प्रशिक्षणात मी ऐकला नाही. आमच्याकडे बाई सांगते, ‘जीव घाबरते.’ पलीकडचे डॉक्टर शहरातले असतील तर त्यांना ऐकू येतं: घाबरते, म्हणजे टेन्शन असेल, भीती वाटत असेल. एकदा असंच झालं. तीस-बत्तीस वर्षांची बाई, जीव घाबरतो, झोप येत नाही. डॉक्टर घरातल्या ताणतणावाबद्दल विचारायला लागले, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते. मी तिला विचारलं, ‘ताई, कधी घाबरते?’ ‘पाण्याचा हंडा घेऊन चढावर आली की.’ पापणी ओढून पाहिली, कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन ६.२, म्हणजे रक्त फारच कमी. तिला त्याच दिवशी पुढे पाठवलं.

वऱ्हाडीत ‘जीव घाबरते’मध्ये धडधड येते, धाप येते, मळमळ येते, कधी कधी खरोखरची भीतीही येते. ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल, ‘पोटात गोळा उठतो’ म्हणजे नेमकं कुठे, ‘कसर आहे’ म्हणजे ताप मोजला का, ‘बाहेरचं झालंय’ म्हणजे झटका आला होता का. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न लावायचे: काय करताना होतं, किती वेळ राहतं, कशाने थांबतं. त्यातून निघालेलं उत्तर डॉक्टरांना सांगायचं, आणि बाईचा मूळ शब्दही सांगायचा.

घरी कोरकू बोलणाऱ्या, मराठी तुटक येणाऱ्या आजीसाठी मी आशाताईंना बसवून घेते. तीन माणसांतून गोष्ट जाताना गळते, म्हणून आशाताईंना एकच विनंती असते: आजी जेवढं बोलली तेवढंच सांगा, तिच्या वतीने उत्तर देऊ नका. सुरुवातीला हे जड जातं, कारण आशाताईंना त्या घराचं सगळं माहीत असतं. त्यांना माहीत असलेलं नंतर वेगळं विचारा, तेही सोन्यासारखं असतं.

कॉल लागल्यावर

पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न सांगा. ‘नमस्कार सर, ४५ वर्षांचे पुरुष, तीन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळी ताप, वजन चार किलो उतरलंय. थुंकी तपासणीला पाठवतेय; तोवर काय द्यायचं आणि एक्स-रे लगेच करायचा का, हे विचारायचं आहे.’ एवढं ऐकलं की डॉक्टरांचं डोकं योग्य दिशेला लागतं. पूर्ण हकीकत त्यानंतर.

रुग्णाला कॅमेऱ्यापुढे उजेडाकडे तोंड करून बसवा. पाठीमागे खिडकी असेल तर पडद्यावर नुसती काळी आकृती दिसते. आवाज रुग्णालाही ऐकू येऊ द्या. आपण दोन शिकलेली माणसं त्याच्या डोक्यावरून बोलत राहतो आणि तो मान खाली घालून बसतो, हे फार वेळा घडतं. डॉक्टरांना त्याच्या नावाने त्याच्याशीच बोलायला सांगा.

खोलीच्या खिडकीत दहा चेहरे असतात. खिडकी लावून घ्या, आणि बाईसोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला प्रेमाने बाहेर बसवा: ‘आत्या, दोन मिनिटं तपासते, मग बोलावते.’ पडद्यावर पुरुष डॉक्टर असतील हे बाईला आधी सांगा आणि चालेल का विचारा. नको म्हणाली तर दुसऱ्या वेळी महिला डॉक्टर बघा, कॉल रेटू नका. मनाच्या तक्रारीला खासगीपण आणखी जपावं लागतं. अशा रुग्णाला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सेवा आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत, आणि पहिला फोन बहुतेकांना आपल्यासमोरच लावून द्यावा लागतो.

औषध लिहून घेताना तुमच्या कपाटात काय आहे ते डॉक्टरांना सांगा. तालुक्याच्या दुकानात जाऊन दोनशे रुपयांची बाटली घेणं त्या घराला परवडणार नाही, हे त्यांना तिथून दिसत नाही. औषध, मात्रा, दिवस त्यांना मोठ्याने परत वाचून दाखवा.

नेटवर्क जाणारच. कॉलच्या सुरुवातीलाच ठरवा: तुटलं तर साध्या फोनवर कोण कुणाला लावणार. व्हिडिओ अडकत असेल तर नुसत्या आवाजावर बोलणंही नियमात बसतं. आमच्याकडे सकाळी दहाच्या आत रेंज बरी असते, म्हणून जुनाट आजारांचे, ठरवून बोलावलेले रुग्ण मी त्या वेळेत घेते.

कॉल संपल्यावर

‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. विचारा, ‘आजी, आता घरी जाऊन सुनेला कसं सांगाल?’ मग कळतं काय पोचलं आणि काय नाही. पाकिटावर पेनने सूर्य आणि चंद्र काढून द्या, वाचता न येणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन काय बघायचं ते एका ओळीत लिहून द्या: ताप उतरला का, मूल खातंय का. पुढे पाठवलेला रुग्ण खरंच पोचला का, हे फोन करून विचारा. अर्धे जण बस चुकली, पैसे नव्हते, घरी कुणी नव्हतं म्हणून वाटेतूनच परत फिरतात, आणि रजिस्टरला मात्र ‘संदर्भित केले’ लिहिलेलं असतं.

आता एक कठीण गोष्ट. रोजच्या कॉलचा आकडा भरायचा दबाव तुमच्यावर येईल. आकडा भरण्यासाठी कर्मचाऱ्याच्याच नावाने कॉल लावायचे, निरोग्याला सर्दी आहे असं लिहायचं, हे तुम्हाला कुणीतरी सुचवेल. करू नका. तेवढा वेळ त्या डॉक्टरकडे खऱ्या रुग्णाचा होता, रांगेत मागे कुणीतरी लेकरू घेऊन थांबलेलं असतं. आकडा कमी का आला, याचं कारण लेखी द्या: नेटवर्क किती तास नव्हतं, डॉक्टर कधी उपलब्ध नव्हते. तारखेनिशी दिलेलं लेखी कारण पुढे टॉवरच्या मागणीलाही कामी येतं.

कॉलमधून शिकायचं कसं

टेलिकन्सल्टेशनने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिकणं. दोनशे पानांची साधी वही घ्या. प्रत्येक कॉलमधून एक ओळ: मला काय वाटलं होतं, डॉक्टरांनी काय सांगितलं, का. ‘का’ विचारायला लाजू नका. कॉलच्या शेवटी एकच प्रश्न, ‘सर, अँटिबायोटिक का नाही दिलं?’ घाईत नसतील तर बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतात. नाव लिहू नका, वय आणि तक्रार पुरे. सहा महिन्यांनी वही चाळलीत तर दिसेल की सुरुवातीला ज्यासाठी कॉल लावत होतात त्यातलं बरंचसं आता तुम्हीच सांभाळताय.

याच विचारावर एक मोठं काम उभं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा हे यकृततज्ज्ञ. हेपेटायटिस सीचे रुग्ण त्यांच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने रांगेत असायचे, काही शेकडो किलोमीटरवरून यायचे. २००३ मध्ये त्यांनी उलटा मार्ग धरला. खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टर-नर्सना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपला रुग्ण नाव न सांगता मांडायचा, सगळ्यांनी त्यावर बोलायचं. या उपक्रमाचं नाव प्रोजेक्ट एको. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांचा विषाणू गेला, आणि त्या दूरच्या केंद्रांवर ५८.२ टक्क्यांचा. खेड्यातल्या माणसाने खेड्यात बसून दिलेले उपचार विद्यापीठाच्या तोडीचे ठरले. भारतात २००८ पासून एको काम करतंय, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मनोरुग्ण उपचार संस्थेने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण याच पद्धतीने दूरच्या जिल्ह्यांपर्यंत नेलं. अशा सत्राचं निमंत्रण आलं तर कॅमेरा बंद करून नुसतं हजेरीपुरतं बसू नका, रुग्ण मांडायला हात वर करा.

आणि वाट बघायची गरज नाही. आम्ही पाच उपकेंद्रांच्या सीएचओंनी ठरवलं: महिन्यातून दोन गुरुवारी, दुपारी तीन ते चार, एक रुग्ण. मांडणाऱ्याने दहा मिनिटं बोलायचं, मग बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. पीएचसीच्या डॉक्टर मॅडमना शेवटच्या वीस मिनिटांसाठी बोलावतो. पहिल्या सत्रात मी त्या सव्वा वर्षाच्या लेकराची केस मांडली, माझी चूक जशीच्या तशी सांगितली. पुढच्या सत्रात तिघांनी आपापल्या चुका सांगितल्या.

तिथून ते खाली न्यायचं, आशाताईंपर्यंत. मोबाईलवर लहान मुलाच्या पोटाचा व्हिडिओ लावून आम्ही सगळ्यांनी मिळून श्वास मोजले, पुन्हा पुन्हा, आकडे जुळेपर्यंत. वयाचे तीन आकडे त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेआठला एका आशाताईंचा फोन आला. रेंज तुटत होती. ‘मॅडम, बाळ सव्वा महिन्याचं आहे. पूर्ण मिनिट मोजले, दोनदा. एकाहत्तर आहेत. छाती आत जाते. एकशेआठला मी सांगितलंय, गाडी निघाली. तुम्ही पुढे धारणीला कळवून ठेवा.’